ल्युकेमियाच्या मुळाचा माग

तीव्र ल्युकेमियाचे निदान होते तेव्हा रोग्याच्या अंगातल्या कर्करोगी पेशींची संख्या एक लाख कोटींच्या आसपास गेलेली असते. केमोथेरपीच्या पहिल्या फेरीत त्यांतल्या बहुतेक मरतात, अस्थिमज्जा सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसू लागते, रक्ताचे आकडे जागेवर येतात. तरीही प्रौढांच्या तीव्र मायलॉइड ल्युकेमियात पुष्कळांचा रोग काही महिन्यांत किंवा एकदोन वर्षांत उलटतो. मागे उरलेल्या थोड्या पेशींपासून तो पुन्हा उभा राहतो. उरलेल्यांपैकी कोणत्याही पेशीला हे जमते, की हे काम मोजक्याच पेशींचे असते, या प्रश्नाचा पाठपुरावा म्हणजे ल्युकेमियाच्या मूलपेशीचा इतिहास. तो मुख्यतः कसोट्यांचा इतिहास आहे. मूलपेशी दिसायला शेजारच्या पेशींसारखीच असते. ती काय करते ते पाहिल्याखेरीज ओळखू येत नाही. आणि तिची करणी पाहायची कुठे, हे प्रत्येक पिढीला नव्याने ठरवावे लागले.

रोगाची नोंद १८४५ सालची. त्या वर्षी एडिंबरोत जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी शवविच्छेदनात पांढऱ्या पेशींनी गच्च भरलेले रक्त पाहिले. बेनेटला तो पू वाटला; फिरखोने तो रक्ताचाच विकार मानला आणि पुढे त्याला ल्युकेमिया हे नाव दिले. रक्त तयार होते कुठे, हे मात्र तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. १८६८ मध्ये क्योनिग्सबर्गच्या एर्न्स्ट नॉयमानने ते हाडांच्या मगजात तयार होते असे दाखवले आणि लवकरच ल्युकेमियाचा एक प्रकारही त्याच मगजाशी जोडला. पॉल एर्लिखच्या रंगद्रव्यांनी रक्तपेशींच्या जाती वेगळ्या दिसू लागल्या. १९०९ मध्ये अलेक्झांडर मॅक्सिमोव्हने साऱ्या रक्तपेशींची एकच सामाईक पूर्वज पेशी असते असे मांडले. त्यावर तज्ज्ञांचे दोन तट पडले आणि वाद पुढची पन्नास वर्षे चालू राहिला. तो मिटणे शक्यही नव्हते, कारण दोन्ही बाजूंच्या हाती रंगवलेल्या काचपट्ट्याच होत्या आणि काचपट्टीवरची पेशी मेलेली असते.

जिवंत पेशीची परीक्षा घेणारा पहिला ठळक प्रयोग १९३७ चा. जेकब फर्थ आणि मॉर्टन कान यांनी उंदराच्या ल्युकेमियाची एकेक पेशी सूक्ष्म नळीत ओढून घेतली आणि निरोगी उंदरांना टोचली. त्यांतल्या थोड्या उंदरांना रोग झाला. संपूर्ण रोग एका पेशीतून उभा राहू शकतो, हे सिद्ध झाले. बाकीच्या उंदरांना तो का झाला नाही, हा प्रश्न अनिर्णित राहिला. टोचताना पेशी मेली असेल, उंदराच्या शरीराने ती नाकारली असेल, किंवा त्या पेशीच्या अंगी ते सामर्थ्यच नसेल. तिन्ही शक्यता सारख्याच खऱ्या वाटत होत्या.

गाडी पुढे सरकली ती टोरांटोत, आणि तीही वेगळ्याच कामाच्या ओघात. अणुबाँबनंतरच्या दशकात किरणोत्साराने मज्जा कशी मरते आणि दात्याची मज्जा देऊन माणूस वाचवता येतो का, या प्रश्नाला सरकारी आणि लष्करी दोन्ही अंगांनी महत्त्व आले होते. शहरातल्या शेरबोर्न स्ट्रीटवर १९५८ मध्ये ऑन्टारियो कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि प्रिन्सेस मार्गारेट रुग्णालय सुरू झाले. तिथे जेम्स टिल हा शेतकरी घरातला पदार्थवैज्ञानिक आणि अर्नेस्ट मॅककुलक हा टोरांटोच्या सुखवस्तू घरातला डॉक्टर एकत्र आले. टिल काटेकोर, मितभाषी. मॅककुलक कल्पनांच्या मागे धावणारा. प्रयोग साधा होता. उंदरांना मारक मात्रेचे किरण द्यायचे, म्हणजे त्यांची स्वतःची मज्जा संपते. मग दुसऱ्या उंदराची मोजून घेतलेली मज्जा शिरेतून टोचायची आणि किती पेशी दिल्या तर किती उंदीर वाचतात ते पाहायचे.

एका रविवारी मॅककुलक प्रयोगशाळेत गेला आणि टोचून दहा दिवस झालेल्या उंदरांची तपासणी करू लागला. त्यांच्या प्लीहांवर गाठी दिसत होत्या. अशा गाठी पाहणारा तो पहिलाच असेल असे नाही. त्याने त्या मोजल्या, हे महत्त्वाचे. प्रत्येक उंदराला किती मज्जापेशी दिल्या आणि त्याच्या प्लीहेवर किती गाठी आल्या, याचा आलेख मांडला तर बिंदू सरळ रेषेत पडले. पेशी दुप्पट दिल्या की गाठी दुप्पट. सोमवारी तो आलेखाचा कागद टिलसमोर आला. सरळ रेषेचा अर्थ पदार्थवैज्ञानिकाला समजावून सांगावा लागत नाही: प्रत्येक गाठीमागे बहुधा एकच पेशी असणार. हिशेब केला तर साधारण दहा हजार मज्जापेशींमागे एक गाठ येत होती. गाठीत तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, बिंबाणू तयार करणाऱ्या मोठ्या पेशी, सारे एकत्र सापडत होते. १९६१ मध्ये हे निष्कर्ष ‘रेडिएशन रिसर्च’ या नियतकालिकात आले. निबंधाच्या शीर्षकात मूलपेशीचा उल्लेखसुद्धा नाही. त्यात मज्जापेशींच्या किरणसंवेदनशीलतेच्या मोजमापाची गोष्ट आहे. रक्तविज्ञानातल्या अनेकांच्या ते गावीही नव्हते.

‘बहुधा एकच पेशी’ यातला ‘बहुधा’ काढून टाकण्याचे काम अँड्र्यू बेकर या विद्यार्थ्याने केले. टोचलेल्या पेशींना अर्धवट किरण दिले की त्यांतल्या काहींची गुणसूत्रे तुटून वेड्यावाकड्या पद्धतीने जुळतात. प्रत्येक पेशीची मोडतोड निराळी. अशा खुणेची एक पेशी गाठीच्या मुळाशी असेल तर गाठीतल्या सगळ्या पेशींत तीच खूण असायला हवी. तशी ती होती. त्याच वर्षी, १९६३ मध्ये, लुई सिमिनोविच यांच्यासोबत केलेल्या कामात एका गाठीतल्या पेशी दुसऱ्या उंदराला टोचल्यावर नव्या गाठी आल्या. म्हणजे ती पेशी आपल्यासारखी पेशी पुन्हा घडवते आणि रक्ताच्या वेगवेगळ्या जातींनाही जन्म देते. मूलपेशीची आजची व्याख्या या दोन गुणांवरच उभी आहे. टिल आणि मॅककुलक यांना २००५ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. नोबेल मिळाले नाही. मॅककुलक २०११ मध्ये वारला.

ही कसोटी कर्करोगाला लावायला वेळ लागला नाही. त्याच संस्थेतल्या रॉबर्ट ब्रूसने १९६३ मध्ये उंदरांच्या लिम्फोमा पेशी टोचून प्लीहेवरच्या गाठी मोजल्या. गाठ उठवणाऱ्या पेशी एकूण पेशींचा लहानसा अंशच भरल्या. पुढचे पाऊल आज जवळपास विसरले गेले आहे, आणि खरे तर याच विषयात ते सर्वांत दूरदृष्टीचे होते. १९६६ मध्ये ब्रूस आणि सहकाऱ्यांनी निरनिराळी औषधे घेऊन गाठ उठवणाऱ्या निरोगी पेशी आणि लिम्फोमाच्या तशाच पेशी यांची शेजारी शेजारी तुलना केली. विभाजन चालू असलेल्या पेशींनाच मारणारी औषधे लिम्फोमाच्या पेशींना कितीतरी अधिक मारत होती, कारण निरोगी मूलपेशी बहुतेक काळ स्वस्थ पडून असतात. औषधाची किंमत त्याने मारलेल्या पेशींच्या संख्येवरून ठरत नाही. रोगाचे मूळ आणि रक्ताचे मूळ यांतला फरक त्याला किती कळतो, यावरून ठरते. पुढे लक्ष्य म्हणून जे जे सुचवले गेले त्याला याच मापाने तोलावे लागले.

मात्र लिम्फोमाच्या मूळ पेशी धावत्या आणि निरोगी मूलपेशी झोपलेल्या, ही सोय माणसाच्या ल्युकेमियात मिळाली नाही. साठच्या दशकात रोग्यांना किरणोत्सारी थायमिडीन देऊन कोणत्या पेशी विभागतात याचा माग घेण्यात आला. न्यूयॉर्कच्या बेयर्ड क्लार्कसन आणि इतरांच्या निरीक्षणांत दिसले की बहुसंख्य ल्युकेमिक पेशी लवकरच विभागणे थांबवतात, आणि एक छोटा गट अगदी सावकाश, अधूनमधून विभागतो. १९७३ पासून तीव्र मायलॉइड ल्युकेमियात रूढ झालेली सात दिवस सायटाराबीन आणि तीन दिवस अँथ्रासायक्लीन ही पद्धत धावत्या पेशींना गाठते. सावकाश गट त्यातून निसटत असावा, असा तर्क तेव्हाच झाला होता. पण तो गट वेगळा काढून दाखवणे कुणाला शक्य नव्हते.

दरम्यान सिएटलच्या फिलिप फिआल्काव्हने एक देखणा पुरावा पुढे आणला. जी-६-पीडी या एन्झाइमचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि काही स्त्रियांमध्ये त्याची दोन रूपे असतात. प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एकच चालू राहते, त्यामुळे निरोगी ऊतींत दोन्ही रूपांची सरमिसळ मिळते. १९६७ च्या निबंधात दीर्घकालिक मायलॉइड ल्युकेमिया झालेल्या अशा स्त्रियांच्या त्वचेत दोन्ही रूपे सापडली, रक्तपेशींत मात्र एकच, पांढऱ्यांत तेच आणि तांबड्यांतही तेच. रोग एका पेशीतून आला आणि ती पेशी तांबड्या-पांढऱ्यांच्या फाट्याआधीची होती. १९६० मध्ये पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना याच रोगात सापडलेले फिलाडेल्फिया गुणसूत्र तिथूनच पुढे पसरत होते. ते ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून बनते, हे शिकागोच्या जॅनेट राउलीने १९७३ मध्ये दाखवले.

पेशी वेगळ्या काढण्याची हत्यारे सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत तयार झाली. स्टॅनफर्डमध्ये लेनर्ड हर्झनबर्गच्या गटाने लेझरखालून एकेक पेशी नेऊन तिच्या चकाकीवरून निवडणारे यंत्र बनवले. १९७५ मध्ये केंब्रिजला क्योलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच खुणेला चिकटणारे प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची रीत शोधली. १९८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या कर्ट सिव्हिनने अपक्व रक्तपेशींवरची सीडी३४ ही खूण वर्णन केली. त्याआधी १९८३ मध्ये फिलाडेल्फियात मेल्विन बोस्मा यांना प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेले उंदीर सापडले होते. परक्याला न हाकलणारा हा उंदीर म्हणजे मानवी पेशींना राहायला मिळालेले भाड्याचे घर होते. आता माणसाच्या पेशींची करणी उंदरात पाहता येणार होती.

हे सारे धागे पुन्हा टोरांटोतच जुळले. जॉन डिकच्या प्रयोगशाळेने तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या रोग्यांच्या पेशी अशा उंदरांना दिल्या. १९९४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या निबंधात त्झ्वी लापिडोट आणि सहकाऱ्यांनी सांगितले की उंदरात रोग उभा करणारी पेशी अडीच लाखांत एक असते, आणि ती सीडी३४ असलेल्या पण सीडी३८ नसलेल्या पेशींमध्येच मिळते. तीन वर्षांनी डॉमिनिक बोनेने अधिक दुबळ्या प्रतिकारशक्तीचे उंदीर वापरून तेच आणखी पुढे नेले: त्या पेशींपासून मूळ रोगासारखा पूर्ण ल्युकेमिया उभा राहतो आणि तो एका उंदरातून दुसऱ्यात नेता येतो. रोग्यागणिक प्रमाण मात्र खूप बदलत होते, दहा लाख पेशींमागे ०.२ पासून १०० पर्यंत. निरोगी रक्तमूलपेशीचीही खूण तीच, म्हणून रोगाची सुरुवात तिच्यातच होत असावी, असा निष्कर्ष काढला गेला. पुढच्या दहा वर्षांत स्तन, मेंदू, आतडे अशा सगळ्या कर्करोगांत मूलपेशी शोधण्याची लाट आली, ती या दोन निबंधांवर स्वार होऊन.

लाटेला पहिला धक्का कसोटीवरूनच बसला. २००७ मध्ये मेलबर्नच्या प्रिस्किला केली, अँड्रियास स्ट्रासर आणि सहकाऱ्यांनी उंदराचाच लिम्फोमा त्याच जातीच्या उंदरांना टोचला. दहातली निदान एक पेशी रोग उभा करू शकत होती. त्यांचे म्हणणे असे, की माणसाच्या पेशी उंदरात दुर्मीळ ठरतात त्या उंदीर परका असल्याने. त्यांना लागणारे वाढीचे घटक तिथे मिळत नाहीत. २००८ मध्ये मिशिगनच्या शॉन मॉरिसनच्या गटाने आणखी दुबळे उंदीर वापरून मेलानोमात चारातली जवळपास एक पेशी गाठ उठवते असे दाखवले. त्याच वर्षी लंडनहून आलेला घाव अधिक वर्मी होता. सीडी३८ असलेल्या पेशी निवडताना त्यांना सीडी३८चे प्रतिपिंड चिकटवावे लागते, आणि उंदरात शिल्लक राहिलेली थोडीशी प्रतिकारशक्ती प्रतिपिंड लागलेल्या पेशीच वेचून मारते. ती बाजूला सारली की सीडी३८ असलेल्या पेशींतूनही ल्युकेमिया उगवतो. ज्या खुणेने पेशी ओळखायची, त्या खुणेनेच तिचा बळी घेतला होता. या निबंधाच्या ज्येष्ठ लेखिका डॉमिनिक बोने. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाला स्वतःच मुरड घालणाऱ्या संशोधकांची उदाहरणे विज्ञानात फार नाहीत.

मोजक्या मूलपेशी वर आणि बाकीच्या पेशी खाली, या उतरंडीची कल्पना यामुळे कोसळली नाही, ढिली झाली. २००६ मध्ये बोस्टनच्या स्कॉट आर्मस्ट्राँगच्या गटाने मूलपेशीपण आधीच संपलेल्या पूर्वज पेशीत एमएलएल-एएफ९ हे विकृत जनुक घालून ल्युकेमिया निर्माण केला होता. त्या पेशीत मूलपेशीचा थोडाच जनुकसंच पुन्हा जागा झाला होता. २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या पारेश व्यास यांच्या गटाला बहुतेक रोग्यांत मूलपेशीच्या गुणाच्या दोन वेगवेगळ्या जाती दिसल्या, दोन्ही निरोगी मूलपेशीपेक्षा थोड्या पुढच्या पायरीच्या. २०१४ मध्ये डिकच्या गटाने आणखी मागची पायरी दाखवली. डीएनएमटी३ए या जनुकातला बदल वाहणाऱ्या, अजून ल्युकेमिक न झालेल्या मूलपेशी केमोथेरपीतून सहीसलामत वाचतात आणि रोग शमला असतानाही रक्त तयार करत राहतात. त्याच वर्षी सिद्धार्थ जैस्वाल आणि इतरांनी दाखवले की असे बदल सत्तरीनंतरच्या सुमारे दहा टक्के धडधाकट माणसांच्या रक्तातही असतात. त्यांतल्या बहुतेकांना ल्युकेमिया कधीच होत नाही. मूळ कुठवर खणायचे, हा प्रश्न तेव्हापासून प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही.

लक्ष्यांचा इतिहास इथून वेगळा सांगता येत नाही. दीर्घकालिक मायलॉइड ल्युकेमियात फिलाडेल्फिया गुणसूत्रातून निघणारे बीसीआर-एबीएल प्रथिन रोखणारे इमॅटिनिब २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. एका गोळीने बहुतेक रोग्यांचे आयुष्य जवळपास निरोगी माणसाइतके लांबले. लक्ष्य असावे तर असे, असे वाटण्याचा तो काळ. पण ग्लासगोच्या टेसा होलिओक यांनी १९९९ मध्येच या रोगातल्या झोपलेल्या मूलपेशी वेगळ्या काढल्या होत्या, आणि २००२ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की इमॅटिनिब त्यांना मारत नाही. बीसीआर-एबीएल त्यांच्यात असते, औषधाने ते बंदही पडते. पण त्या पेशी जगण्यासाठी त्याच्यावर अवलंबूनच नसतात, हे २०११ पर्यंत स्पष्ट झाले. फ्रान्समध्ये दोन वर्षे रोगाचा मागमूस नसलेल्या शंभर रोग्यांचे औषध थांबवून पाहिले गेले. २०१० च्या अहवालात वर्षभर रोग न उलटलेले सुमारे चाळीस टक्के भरले. बाकीच्यांना गोळी पुन्हा सुरू करावी लागली. गोळी आयुष्यभराची म्हटल्यावर तिची किंमत हाही वैद्यकाचाच प्रश्न होतो. भारतात नोव्हार्टिसच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला आणि देशी कंपन्यांचे कितीतरी स्वस्त इमॅटिनिब मिळत राहिले. मूलपेशी मरत नसल्या तरी रोग आटोक्यात ठेवणे त्यामुळे सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात राहिले.

तीव्र मायलॉइड ल्युकेमियात पेशीच्या अंगावरच्या खुणांना लक्ष्य करण्याचे प्रयत्न अधिक ठेचकाळले. सीडी३३ या खुणेवर विषारी भार नेणारे जेमटुझुमॅब २००० मध्ये आले, पुढच्या चाचणीत फायदा न दिसल्याने आणि दगावण्याचे प्रमाण वाढल्याने २०१० मध्ये बाजारातून काढले गेले, आणि कमी मात्रेत २०१७ मध्ये परतले. २००० मध्येच क्रेग जॉर्डनने सीडी१२३ ही ल्युकेमियाच्या मूलपेशींवर असणारी आणि निरोगी मूलपेशींवर फारशी नसणारी खूण दाखवली होती. तिच्यावर बेतलेले पहिले औषध २०१८ मध्ये मंजूर झाले, पण ब्लास्टिक प्लाझ्मासायटॉइड डेन्ड्रिटिक पेशींच्या एका दुर्मीळ कर्करोगासाठी. २००९ मध्ये स्टॅनफर्डच्या अर्व्हिंग वाइसमन यांच्या गटातून सीडी४७ पुढे आले. हे प्रथिन भक्षक पेशींना ‘मला गिळू नका’ असे सांगते आणि ल्युकेमियाच्या मूलपेशींवर ते जास्त असते. उंदरांत निकाल झळाळते होते. मात्र तेच प्रथिन तांबड्या पेशींवरही असते, त्यामुळे प्रतिपिंड दिल्यावर पंडुरोग होतो. मॅग्रोलिमॅब या अशाच प्रतिपिंडाच्या मोठ्या चाचण्या एकामागून एक अपयशी ठरल्या आणि २०२४ च्या सुरुवातीला रक्ताच्या कर्करोगांतले ते काम बंद करण्यात आले.

अनपेक्षित यश मिळाले ते खुणेऐवजी पेशीच्या पोटापाण्याकडे पाहिल्यावर. जॉर्डनच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले की ल्युकेमियाच्या मूलपेशी ऊर्जेसाठी मायटोकाँड्रियावर विसंबतात आणि ती व्यवस्था बीसीएल-२ या प्रथिनावर टिकून असते. निरोगी मूलपेशींना पर्यायी मार्ग असतात. बीसीएल-२ रोखणारे व्हेनेटोक्लॅक्स ॲझासायटिडीनच्या जोडीने दिल्यावर, तीव्र केमोथेरपी न झेपणाऱ्या वयस्क रोग्यांत जगण्याच्या कालावधीचा मध्य ९.६ महिन्यांवरून १४.७ महिन्यांवर गेला. हे २०२० चे आकडे. रोग कायमचा जातो असे त्यातून निघत नाही. काही रोग्यांत बीसीएल-२ वर न विसंबणाऱ्या, मोनोसाइटच्या वळणाच्या मूलपेशी पुढे सरसावतात. आर्मस्ट्राँगच्या उंदरांत जागा झालेला तो जनुकसंच मेनिन या प्रथिनाच्या आधाराने चालतो. ते रोखणारे रेव्हुमेनिब नोव्हेंबर २०२४ मध्ये एमएलएल जनुकाच्या फेरबदलाच्या ल्युकेमियासाठी मंजूर झाले.

बी-पेशींच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात चित्र निराळे आहे. तिथे वेगवेगळ्या पायऱ्यांवरच्या पेशी रोग उभा करू शकतात आणि बहुतेक साऱ्यांच्या अंगावर सीडी१९ असते. ती खूण धरून प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना सोडले की मुळाचा वेगळा शोध घ्यावा लागत नाही. निरोगी बी-पेशीही मरतात, पण त्यांच्याविना माणूस जगतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेली भारतातली अशी पहिली (कार-टी) उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली, ती याच लक्ष्यावर. मायलॉइड ल्युकेमियात ही सवलत नाही, कारण तिथल्या खुणा निरोगी मज्जेवरही असतात आणि मज्जेविना माणूस जगत नाही. यावर २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सार गिल यांच्या गटाने उलटी वाट चोखाळली. दात्याच्या निरोगी मूलपेशींतून सीडी३३चे जनुकच कापून काढायचे, त्या मूलपेशींचे रोपण करायचे, आणि मग सीडी३३ असलेली प्रत्येक पेशी मारणाऱ्या टी-पेशी सोडायच्या. उंदरांत आणि माकडांत सीडी३३ नसलेल्या मज्जेने नेहमीसारखे रक्त तयार केले. माणसांवरच्या चाचण्या त्यानंतर सुरू झाल्या.